सव्वानऊची चूक

ऐक ना राधा, तू फक्त ऐक. मध्ये काही विचारू नकोस, चहासुद्धा नको टाकूस, आधी मला हे एका दमात बाहेर काढू दे, नाहीतर परत गिळलं जाईल. दार उघडल्या उघडल्या तू विचारलंस ना, एवढी धाप का लागलीये? पाच मजले चढून आले मी. नाही, तुमची लिफ्ट बंद नाहीये. चांगली चालू आहे, एक काका आत उभे राहून माझ्यासाठी दार धरून थांबले पण होते, 'येताय का?' म्हणून. मी म्हटलं, नको, जिन्याने जाते, वजन कमी करतेय. खोटं. किती पटकन येतं ना तोंडावर. झालं काय, आज सकाळी मम्मीला चष्म्याचा नंबर काढायला घेऊन गेले होते, आणि त्या दवाखान्याची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली ती दोन बोटं खाली. दोनच बोटं, यार. हे रोज पन्नास ठिकाणी होतं, मी स्वतः फोनवर शेकडो लोकांना सांगितलंय, 'सर, पाऊल जरा उचलून टाका, माणूस पाठवते.' तर माझीच चप्पल अडकली आणि मी अशी पुढे गेले. पडले नाही. मम्मीने दंड धरला, 'अगं, बघून चाल की,' म्हणाली, झालं, संपलं. पण तो जो अर्धा सेकंद होता ना, त्यात माझ्या पायाखाली काही नव्हतं. म्हणजे होतं, फरशी होती, पण पायाला ती सापडत नव्हती. मग डॉक्टरांच्या त्या गारेगार वेटिंग रूममध्ये बसून मी मम्मीचा चष्मा हातात घेऊन विचार करत होते, की तुळजाबाईंना हे किती वेळ वाटलं असेल. दोन मजले म्हणजे किती वेळ.

तुळजाबाई कोण ते सांगते, थांब. तुला एवढंच माहितीये की मी लिफ्टच्या कंपनीत आहे. ऊर्ध्वगती लिफ्ट सर्व्हिसेस, सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. खाली कोणीतरी पाटीच लावलीये, 'लिफ्टवाल्यांकडे जाणाऱ्यांनी जिना वापरावा. इलाज नाही.' आम्ही लिफ्ट बनवत नाही, सांभाळतो. शंभरेक सोसायट्या आहेत. कुठे काही बिघडलं की फोन मला येतो, मी कॉम्प्युटरवर तक्रार चढवते, ती टेक्निशियनच्या मोबाइलवर जाते, तो गाडीला किक मारतो. माझ्या बोटापासून त्याच्या किकपर्यंत असं सगळं आहे. मी चढवलं नाही तर जगात ती तक्रार नाहीच. हे मला पहिल्या दिवशी माधवकाकांनी सांगितलं होतं. माधवकाका म्हणजे आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन, छप्पन वर्षांचे, खिशाला कायम टेस्टर, आणि बोलणं असं की आपला अपमान झालाय हे समोरच्याला घरी गेल्यावर कळावं. दुसरा टेक्निशियन अवधूत, माझ्याच वयाचा. स्पेअर पार्ट बघायला अस्मिता. ऑफिस बघायला कादंबरी. आणि केयूर सर, मालकांचा मुलगा, बत्तीस-तेहेतीसचे, चांगले आहेत गं, खरंच चांगले, कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनीच तो बॉल आणला.

ते लोणावळ्याला तीन दिवसांच्या कसल्या तरी शिबिराला गेले होते, टीममध्ये जबाबदारीची भावना कशी रुजवायची यावर, आणि येताना एक पिवळा स्पंजचा बॉल घेऊन आले, हसऱ्या तोंडाचा. रोज सकाळी सव्वानऊला सगळ्यांनी गोल उभं राहायचं. बॉल ज्याच्या हातात त्याने सांगायचं, 'कालची माझी चूक अशी अशी.' आणि बाकीच्यांनी एका आवाजात म्हणायचं, 'आपली!' म्हणजे कोणा एकाची नाही, टीमची. मग टाळ्या. गोलात सांगितलेली चूक गोलाबाहेर काढायची नाही, त्यावरून कोणाला बोलायचं नाही. कादंबरी ते सगळं एका वहीत लिहायची, अप्पा बळवंत चौकातून आणलेली लाल पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. पहिल्या दिवशी बॉल माधवकाकांकडे गेला तर ते म्हणाले, 'मी देवळात पण एवढं बोलत नाही,' आणि बॉल अवधूतकडे टाकला. पण सुरुवातीला ना, राधा, छान वाटायचं. खरंच. आधीच्या नोकरीत एका मेलमधली चूक दुसऱ्याच्या नावावर ढकलायला लोक दोन दिवस घालवायचे. इथे मी पहिल्यांदा म्हटलं, 'काल मी अवधूतला चुकीचा पत्ता दिला,' आणि पाच माणसं म्हणाली, 'आपली!', तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग महिना झाला आणि चुका संपल्या. खोटं नाही सांगत. रोज एक कुठून आणायची? मग लोक तयारी करून यायला लागले. जिन्यात अस्मिता विचारायची, 'तुझी आहे का गं आजची? माझ्याकडे दोन आहेत, एक घे.' अवधूतने 'काल मी हेल्मेट टेबलावर ठेवलं' ही चूक तीनदा सांगितली. सगळ्यांना कळत होतं. सरांनाही बहुतेक कळत असावं. पण टाळ्या छान वाजायच्या आणि त्यानंतर चहा यायचा.

आमच्या घरी चूक कशी असायची ते तू बघितलं नाहीस. पप्पा खडकीला कारखान्यात होते, बत्तीस वर्षं, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. त्यांच्याकडे एक पितळी बिल्ला होता, त्यावर नंबर, दोनशे सतरा. मशीन उघडून काम करायचं असेल तर आधी स्विच पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि कुलपात आपला बिल्ला अडकवायचा. ज्याचा बिल्ला, त्यानेच काढायचा. साहेबाने नाही, शेजाऱ्याने नाही. मी चौथीत असेन, आम्ही जेवायला बसलो होतो, वांग्याची भाजी होती, पप्पांनी पहिला घास घेतला आणि खिसा चाचपला. तसेच उठले. हात पण धुतले नाहीत नीट, सायकल काढली. मम्मी मागून म्हणत होती, 'अहो, काढेल की कोणीतरी.' तर दारातून म्हणाले, 'माझा कोण काढणार?' तासाभराने आले, भाजीवर साय धरल्यासारखं झालं होतं, ती तशीच गार खाल्ली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला तेव्हा ते जरा मूर्खपणाचं वाटलं होतं, खरं सांगते. आता मला ती वांग्याची भाजी सारखी आठवते. त्यावरचं ते थिजलेलं तेल.

गुरुवार. दुपारचे दोन वीस. मी डबा खात होते, उजव्या हाताला लोणच्याचं तेल. फोन वाजला, स्क्रीनवर नाव बघूनच मी अस्मिताकडे बघून डोळे फिरवले. मंदाकिनीबाई. आमच्यापासून चालत सात मिनिटांवर त्यांची सोसायटी आहे, जुनी चार मजली, जुनी लिफ्ट, त्या ओढायच्या दारांची, दाराला उभी काच. शाळेतल्या निवृत्त बाई. रोज फोन. पंख्याचा आवाज येतो, दिवा मिणमिणतो, आरशावर डाग आहे, बटणावरचा तीनचा आकडा पुसट झालाय. मी डाव्या हाताने फोन उचलला. 'मी मंदाकिनी बोलतेय. घास आहे का तोंडात? असू दे, तुम्ही ऐका फक्त. लिफ्ट वर चौथ्या मजल्यावर आहे आणि दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडतंय. आत्ता मी उघडून बघितलं. खाली अंधार आहे.' राधा, लिफ्ट नसताना दार उघडणं म्हणजे काय ते मला माहितीये. पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. दाराचं ते कुलूप गेलं की सगळं सोडून पळायचं. मी म्हटलं, 'हो काकू, नोंद केली.' तोंडाने नोंद केली. हाताला तेल होतं, की-बोर्डला लागलं असतं, म्हटलं हात धुऊन लिहिते. तेवढ्यात दुसरी लाइन वाजली, कोथरूडला कोणीतरी अडकलं होतं, आत लहान मुलगी रडत होती, अवधूतला तिकडे पाठवलं, मुलगी बाहेर निघेपर्यंत तिच्या आईशी बोलत राहिले. मग हात धुतला. तो पुसता पुसता आपण हात कशासाठी धुतला हे मला आठवलं नाही. एवढंच. याच्यापेक्षा मोठं काही केलं नाही मी. कोणी तरी मोठं काहीतरी करतं आणि मग मोठं काहीतरी होतं असं वाटायचं मला.

आणि आठवलं, राधा. हे मी अजून कोणाला सांगितलं नाहीये. शुक्रवारी सकाळी बसमध्ये, संचेतीच्या पुलाखाली सिग्नलला, मला लख्ख आठवलं. अरे देवा, मंदाकिनीबाईंचं दार. आणि त्याच्या मागोमाग, म्हणजे मध्ये श्वास घेण्याइतकी पण जागा नव्हती, दुसरा विचार आला. चला, आजची चूक मिळाली. फोन माझ्या हातात होता गं. तिथून माधवकाकांना एक फोन, संपलं असतं. मी ती चूक कशी मांडायची ते घोळवत बसले. हाताला तेल होतं हे आधी सांगायचं की नंतर. उतरेपर्यंत माझं पाठ झालं होतं. गोलात मी बॉल घेतला आणि सांगितलं. खरंखुरं, सगळं. 'काल दोन वीसला मंदाकिनीबाईंचा फोन आला, लिफ्ट नसताना दुसऱ्या मजल्याचं दार उघडतंय म्हणाल्या, आणि मी तक्रार चढवलीच नाही.' इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी हेल्मेटपेक्षा मोठं काही बोललं होतं. मग 'आपली!' असं आलं ना, छप्पर उडेल असं. माधवकाकासुद्धा म्हणाले, जे एरवी नुसते ओठ हलवायचे. केयूर सर पुढे आले, म्हणाले, 'प्रियदर्शनी, याला म्हणतात ओनरशिप. लिहून घे, कादंबरी, शब्द न् शब्द.' अस्मिताने मला मिठी मारली. मला इतकं हलकं वाटलं, राधा. अंगातून काहीतरी काढून टाकल्यासारखं. चहा आला. मी दोन कप प्यायले. आणि जागेवर बसले, फोन वाजला, आणि मी तक्रार चढवली नाही. विसरले नाही. विसरायला ते काम शिल्लक तर असायला हवं ना. माझ्यापुरतं ते झालं होतं. सांगून झालं होतं, लिहून झालं होतं, टाळ्या पडल्या होत्या. अवधूतला वाटलं काकांना पाठवलं असेल. काकांना वाटलं अवधूतला. सर म्हणाले 'आपली', तर ती आपली झाली, आणि आपली म्हणजे त्या खोलीतल्या कोणाचीच नाही, हे मला नंतर कळलं.

सोमवारी आठ पन्नासला मी ऑफिसचा जिना चढत होते आणि फोन वाजला. 'मी मंदाकिनी बोलतेय. तुमचा माणूस आला नाही. आता पोलीस आलेत.' आणि ठेवला. तुळजाबाई त्या बिल्डिंगमध्ये तीन घरी पोळ्या करतात. दुसऱ्या मजल्यावरचं घर उरकून चौथ्यावर निघाल्या होत्या, एका हातात पीठ चाळायची चाळण, दुसऱ्यात पिशवी. दार कोपराने ओढलं, उघडलं, आणि पिशवी आत घ्यायला म्हणून पाठमोऱ्या आत गेल्या. पंचवीस वर्षं लिफ्ट वापरणारं माणूस दार उघडल्यावर आत लिफ्ट आहे का बघतं का? तू बघतेस? जिवंत आहेत. कमरेखाली काही कळत नाही. बुधवारी सरांनी मला आणि कादंबरीला हॉस्पिटलात पाठवलं, सफरचंदं घेऊन, कंपनीतर्फे. त्यांना कोणीतरी सांगितलं लिफ्टवाल्यांकडून आलेत, तर त्या मला म्हणाल्या, 'चूक माझीच बाई. न बघता पाय टाकला. तुम्हाला उगाच ताप.' आणि कादंबरी माझ्याकडे बघत होती, आणि मी त्यांच्या पांघरुणाकडे बघत होते, ते पायापाशी इतकं सपाट होतं, एक घडी हलत नव्हती. आणि माझे ओठ हलले. रोजच्या सवयीने. माझ्या तोंडात 'आपली' आलं होतं, राधा. दातांपर्यंत आलं होतं. मी सफरचंदं ठेवली आणि बाहेर येऊन बेसिनमध्ये थुंकले.

त्याच दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर लाल वही. म्हणाले, 'हे बघ, गोलातलं गोलात. ती विश्वासाची जागा आहे, तिचा कागदोपत्री कामाशी संबंध नाही. उद्या सरकारी निरीक्षक येणार आहेत. त्यांना ही भाषा कळणार नाही.' मग वही माझ्याकडे सरकवली. 'तुझं पान आहे. दुसऱ्या कोणी फाडणं मला बरोबर वाटत नाही. तुझं तूच काढ.' खूप प्रेमाने म्हणाले गं. मी वही पर्समध्ये घातली.

निरीक्षक गुरुवारी आले, साधा माणूस, रुमालाने सारखी मान पुसत होता, तीन मजले चढून आलेला ना. मंदाकिनीबाईंनाही बोलावलं होतं. त्या टेबलापलीकडे, इस्त्रीची साडी, पर्स मांडीवर. सरांनी फोनची यादी पुढे ठेवली, एका महिन्यात बाईंचे एकतीस कॉल. 'रोज करतात, साहेब. पंखा, आरसा.' निरीक्षक माझ्याकडे वळले. 'गुरुवारी दोन वीसला या नेमकं काय म्हणाल्या?' पर्स माझ्याही मांडीवर होती आणि तिच्यात वहीचा पुठ्ठा माझ्या पोटाला टोचत होता. मला काय दिसलं सांगू? पप्पा. दारात सायकल धरून उभे. आणि तरी मी म्हटलं, 'पंख्याचा आवाज येतो म्हणाल्या.' पंखा फिरत होता वर, आमचा. मंदाकिनीबाई माझ्याकडे बघत राहिल्या, रागाने नाही, वहीतलं एखादं उत्तर तपासताना बघतात तसं. मग उठल्या. 'असेल. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला माझ्यापेक्षा स्पष्ट ऐकू येत असणार.' चष्मा डबीत घातला, डबी पर्समध्ये, आणि एकेक पायरी मोजत खाली गेल्या. मला तो आवाज शेवटच्या पायरीपर्यंत येत होता.

मग माधवकाका बोलले. ते भिंतीला टेकून उभे होते. 'साहेब, बारा दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग मी केलंय. दाराची कुलपं मी तपासली. कार्डावर सही माझी आहे. राहिलं असेल माझ्याकडून.' त्यांच्याकडून काही राहिलं नव्हतं. ते प्रत्येक दार तीनदा ओढून बघतात, मला माहितीये, मी त्यांच्याबरोबर गेलेय. निरीक्षकांनी लिहून घेतलं. सर खिडकीबाहेर बघत होते. संध्याकाळी मी काकांना जिन्यात गाठलं. म्हटलं, 'काका, असं का केलंत? शुक्रवारी तुम्ही ऐकलंत ना मी काय बोलले ते?'

'ऐकलं की.'

'मग?'

'मग काय. "आपली" म्हणालो. सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणालो. सात मिनिटांवर होती ती लिफ्ट, चहा पिऊन निघालो असतो तरी चाललं असतं.' खिशातला टेस्टर काढून परत लावला. 'तुमच्यासारखं नुसतं म्हणायला मला जमत नाही, बाळ. म्हणूनच मी म्हणत नव्हतो इतके दिवस.'

'पण चूक माझी आहे, काका.'

'आहेच. मी कुठे नाही म्हणतोय? ती तुझी तुझ्यापाशी. मी माझी सांगितली.' आणि चार पायऱ्या उतरून मागे वळले. 'पंखा म्हणालीस ते चांगलं नाही झालं. म्हातारी बाई रोज फोन करायची, आता करणार नाही.' खरंच नाही केला. आज बावीस दिवस झाले. मी रोज दोन वीसला फोनकडे बघते.

काकांचा परवाना काढून घेतलाय. केस झालीये, दर सोमवारी चौकीत हजेरी. कादंबरी माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते, अस्मिता नको इतकी गोड वागते. पप्पांनी एकदा विचारलं, 'तुमच्याकडचं ते लिफ्टचं प्रकरण, कोणाची चूक निघाली?' मी म्हटलं, 'एका जुन्या टेक्निशियनची.' ते म्हणाले, 'एवढा जुना माणूस असून?' आणि मान हलवली. रविवारी विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत होते आणि चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शिलाला, माझा आवाज फुटेना, शेजारची बाई माझ्याकडे वळून बघायला लागली, तर मी खोकला आल्याचं नाटक केलं. तेही खोटंच. आणि गोल अजून होतो. काकांचं कामावर येणं बंद झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी झाला, सर म्हणाले, 'आत्ताच तर गरज आहे.' बॉल माझ्याकडे आला. तो हसरा पिवळा चेहरा, कोणाच्या तरी घामाने ओलसर. मी म्हटलं, 'काल मी एका मेलला उशिरा उत्तर दिलं.' 'आपली!' एक आवाज कमी होता. मला ऐकू आला तो नसलेला आवाज. टाळ्या मात्र तेवढ्याच वाजल्या.

ही बघ वही. घे ना हातात, चावत नाही. हे पान. कादंबरीचं अक्षर किती सुंदर आहे बघ, 'दोन वीस'च्या खाली रेघ पण मारलीये. रोज सकाळी ठरवते, आज निरीक्षकांच्या ऑफिसात जायचं, आणि रोज शिवाजीनगरला न उतरता पुढे जाते. फाडलं पण नाही. आणि आत्ता तुला हे सगळं सांगितलं ना, तर बघ, माझी धाप बसली. खांदे सैल झाले. अगदी तसंच हलकं वाटतंय, राधा, त्या शुक्रवारी वाटलं होतं तसंच, आता चहा चालेल असं वाटतंय, आणि मला याचीच भीती वाटतेय. उद्या मी काय करीन ते मला विचारू नकोस. मी वेगळंच विचारतेय. मी दार उघडं आहे म्हणून सांगत होते तेव्हा पाच माणसं कान देऊन ऐकत होती. त्या गोलात तू असतीस, माझ्या अगदी शेजारी, तर सांग ना, तू काय केलं असतंस?